व्याहीभेट

"चिंबोऱ्या तुमी धरल्या ना? मग नांग्या कुनी बांधल्या?" जनीने खेकड्यांच्या टोपलीवरचा पाला बाजूला करत विचारलं.

पुंडलिक मोरीत पाय धूत होता. "आमीच. दत्तूला येतं बांधायला."

"या पारीच्या गाठी हायत. बाजारात मी तिच्याकडनंच घेते." एवढं बोलून तिने विषय सोडला आणि खोबरं किसायला घेतलं. पुंडलिकने उगीचच पाय पुन्हा एकदा धुतले.

पेणच्या नळांना पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. कुठल्या आळीत पाणी कधी येणार हे देवाला ठाऊक, नि त्याच्या खालोखाल पुंडलिकला. त्यामुळे तो दिसला रे दिसला की कुणीतरी हटकणारच. अशा माणसाला गावात लपायला जागा नसते. आणि ह्या बापड्याकडे लपवण्यासारखं होतं. बाईमाणसात त्याचा जीव कधी रमलाच नाही. चारचौघांसारखं लग्न झालं, भाग्यश्री झाली. पोरीवर त्याने जीव ओवाळून टाकला, जनीला कधी वावगा शब्द बोलला नाही. पण ज्याची वाट बघत दिवस काढावा असं माणूस भेटलं ते रोह्याचा दत्तात्रेय.

दत्तू रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा. त्यालाही बायको होती, प्रदीप नावाचा मुलगा होता. पेणला ह्याच्यावर डोळे, रोह्यात त्याच्यावर. म्हणून रविवारी दोघं आपापल्या बाजूने पॅसेंजर पकडून मधल्या कासूला उतरत आणि गळ घेऊन खाडीच्या बांधावर जाऊन बसत. मासे धरायची अक्कल दोघांनाही नव्हती. तिथे पारी नावाची म्हातारी चिंबोऱ्या धरायची. तिने एकदाच दोघांकडे नीट बघितलं आणि पुढच्या खेपेपासून दोन वाटे बाजूला ठेवायला लागली.

"रिकाम्या हातानं गेलाव तर घरचे इचारतील," ती म्हणाली. तिने स्वतः मात्र काही विचारलं नाही. त्यांच्या बाजूचं म्हणावं असं जगात तेवढं एकच माणूस होतं.

आणि बांधावर बसून बोलणं तरी कसलं, तर पोरांचं. भाग्यश्रीचा टायफॉइड, प्रदीपची बारावी. दोन बाप बोलावेत तसंच. असा बाप आपल्यासारखा दुसरा कोणी असेल का, हा प्रश्न मात्र ते फक्त एकमेकांना विचारू शकत होते. एकदा दत्तूने कंपनीतली बातमी आणली. "मुंबईला अशी मानसं जमतात म्हने. पोरंबाळंवाली पन. जाऊया का एकदा?"

"आनी संध्याकाळचं पानी कोन सोडंल?" पुंडलिक म्हणाला. दोघं पोट धरून हसले. मुंबईचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

गाठी ओळखल्या त्या दिवशी चिंबोऱ्यांचा रस्सा वाढताना जनी म्हणाली, "दत्तूभावजींचा प्रदीप आपल्या भाग्याला कसा वाटतो?"

पुंडलिकने हातातला घास परत ताटात ठेवला. भाग्यश्री ताटात बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. गणपतीला प्रदीप बापाबरोबर चार दिवस येऊन राहिला, तेवढ्यात पोरांचं जमलं होतं. बापाला खबरच नाही.

"दोस्तीत सोयरीक नको," तो कसाबसा म्हणाला. "बिघडते."

भाग्यश्री ताट उचलून आत गेली. जनीने ती मोरीत पोचेपर्यंत दम धरला.

"मला ठावूक हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "गाठी बघून नाय. लय आधीपासून."

पुंडलिकला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन शेणाने सारवलेली, घट्ट होती.

"मी काय बोलले कधी? पोरीचा बाप चांगला हाय, म्हनून गप बसले. माझं काय व्हायचं ते झालं. पन उद्या कासूला कुनी बघितलं तर हिला कोन करून घेईल? सोयरे झालाव की सनासुदीला उजळ माथ्यानं भेटाल, चार मानसांत." तिने त्याच्या ताटात आणखी एक नांगी वाढली. "पन चार मानसांतच."

पुढच्या रविवारी दत्तूने सगळं ऐकून घेतलं. त्याच्याही घरी तेच चाललं होतं, पोरगा हटून बसला होता.

"नाय म्हनूया?" दत्तू म्हणाला.

"काय कारन सांगून?"

ह्याला उत्तर असतं तर इतकी वर्षं खाडीच्या चिखलात कशाला काढली असती? पुंडलिकने आपला गळ वर ओढून घेतला. मग पुंडलिक म्हणाला, "दत्तू, पोरांच्या संसाराखाली आपलं हे नको. उद्या त्यांच्या पायात येईल."

दत्तूने मान हलवली. त्याने गळाची दोरी गुंडाळायला घेतली आणि ती गुंडाळताना तो रडला, उघड, तोंड न फिरवता. पुंडलिकला त्याला जवळ घ्यायचं होतं. पण बांधावरून कुणीतरी सायकलने येत होतं.

पारीने वाटे पुढे केले. "फुडल्या रविवारी?"

"नाय येनार," पुंडलिक म्हणाला. "आमच्या पोरांचं लगीन हाय."

म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ती खाली बसली आणि बांधलेल्याच नांग्या सोडून पुन्हा बांधायला लागली. उठायची घाई तिने केली नाही, त्यांनीही केली नाही.

लग्न मे महिन्यात पेणलाच लागलं. आहेर झाले, आणि कुणीतरी ओरडलं, "व्याहीभेट राहिली की!" नवरानवरीच्या बापांनी मांडवात सगळ्यांसमोर गळाभेट घ्यायची, ही रीत. दोघांच्या गळ्यात हार पडले. बॅन्डवाल्यांनी सूर धरला.

दत्तू पुढे झाला. पुंडलिकने हात पसरले. इतक्या वर्षांत उजेडात, लोकांसमोर, हे कधी झालं नव्हतं. दत्तूच्या छातीतली धडधड त्याला हारांच्या झेंडूतून लागत होती. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. "व्याही असावेत तर असे," कुणीतरी म्हणालं.

"फ्लॅश पडला नाय," फोटोग्राफर म्हणाला. "परत एकदा घ्या."

पुंडलिकने जनीकडे बघितलं. ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन खांबाशी उभी होती. तिने नजर चुकवली नाही.

"घ्या," ती म्हणाली. "घाई नाय."

दुसऱ्यांदा दत्तूने डोळे मिटले. फ्लॅश पडला. तरी दोघं थोडं थांबले, आणि मग सुटले.

पंगती बसत होत्या. पुंडलिकने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, धोतराचा सोगा खोचला आणि पाण्याचा जग उचलला.

"तुमी बसून घ्या, व्याही," तो म्हणाला. "पानी मी वाढतो."