अर्धा ठोका आधी

दादाचे गाणे लिहून झाले की ते आधी मी कुजबुजायचो. आमच्या कामाची रीतच तशी होती. टायरच्या दुकानावरच्या खोलीत एक जुने लाकडी कपाट होते. त्याचे कप्पे काढून, आतून गाद्या ठोकून आम्ही त्यात ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. मी आत शिरून दार ओढून घ्यायचो आणि कोणी पाहत नाही या एकाच आधारावर सगळे शब्द तालावर म्हणून ठेवायचो. हा कच्चा आवाज. मग दादा आत जायचा. त्याच्या कानात माझी कुजबुज चालू असायची, प्रत्येक ओळीच्या अर्धा ठोका आधी, म्हणजे पुढचा शब्द कोणता आणि श्वास कुठे, हे त्याला कळायचे. आणि तिच्यामागून तो आपल्या रुंद, खरखरीत आवाजात तेच शब्द जगाच्या अंगावर फेकायचा. काम संपले की संगीत जुळवणारे मास्तर माझा आवाज बंद करून टाकत. गाणे दादाच्या नावाने बाहेर पडे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वर्कशॉपमध्ये लोखंड घासताना त्याला ‘कानस’ हे नाव पडले आणि आता तेच नाव पोरांच्या टी-शर्टांवर होते. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो. त्यामुळे ही वाटणी माझ्यावर कोणी लादली होती असे म्हणणे खोटे ठरेल. दादा मी लिहिलेले शब्द म्हणत असताना गर्दीच्या अगदी मागे उभे राहण्यात मला एक चोरटे सुख होते. पुढे पुढे मात्र त्या सुखाला काहीतरी टोचू लागले होते, आणि काय टोचते आहे हे मी नीट पाहायचे टाळत होतो.

अशात भोवऱ्याचे गाणे आले. भोवराही दादासारखाच रॅप करणारा, पण त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, जिभेचा हलका, आणि दादाला तो भर मंचावरून ‘काका’ म्हणायचा. गाण्यात त्याने एकच प्रश्न चार प्रकारांनी विचारला होता: काका, कानशीला दात कोणी पाडून दिले?

त्याला काही ठाऊक नव्हते. अंधारात दगड मारला होता. पण तो नेमका लागला, कारण त्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीशी दादाच्या पहिल्या अल्बमचा करार व्हायचा होता, आणि शब्द कलाकाराचे स्वतःचेच हवेत, ही त्यातली मुख्य अट होती. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर माणूस हरला असे आमच्यात धरतात. दादा खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याने मला एवढेच सांगितले की असे लिही, त्याची बोलती बंद झाली पाहिजे.

मी लिहिले. तीन दिवस दुकानात काचांवर फुंकर मारताना ओठांशी तेच चालले होते.

‘माझ्या शब्दांचा बाप मी, आईही मीच,
दुसऱ्याच्या ताटातलं उचललं नाही कधीच.
जीभ माझी, घाव माझा, माझाच सुई-दोरा,
दुसऱ्याच्या दोरीवर फिरतो, त्याचं नाव भोवरा.’

दादा वाचून इतका खूश झाला की त्याने मला खांद्याला धरून गदागदा हलवले. या चार ओळींत त्याला काहीच विचित्र वाटले नाही. मलाही लिहिताना वाटले नव्हते. कपाटात, काळोखात त्या म्हणताना मात्र वाटले. माझा आवाज कापरा झाला. खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला म्हणून मी थांबलो, असे मी मास्तरांना सांगितले.

सातव्या दिवशी गाणे बाहेर गेले आणि घाईत मास्तरांकडून माझा कच्चा आवाज बंद करायचा राहिला. तो तळाशी, अगदी बारीक तसाच राहून गेला. आम्ही तिघांनी गाणे पाठवण्याआधी निदान पाच वेळा ऐकले होते. कोणालाही काही खटकले नाही. तीन-चार दिवस आम्ही ते गाणे कुजबुजीसकटच ऐकत होतो. ती नसती तर कदाचित चुकल्यासारखे वाटले असते.

भोवऱ्याला ती दुसऱ्या दिवशी सापडली. त्याने दादाचा आवाज जमेल तेवढा दाबून माझा वर काढला आणि ते अर्धे मिनिट सगळीकडे पाठवले. सोबत एकच वाक्य: काका, सावली माणसाच्या मागून चालते, तुमची पुढे कशी?

कंपनीच्या माणसाने दादाला फोन करून शांतपणे खुलासा मागितला. मास्तरांनी तीनदा माफी मागितली आणि चौथ्यांदा मागू लागले तेव्हा दादा त्यांच्यावर खेकसला. मग तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. उद्या दुपारी रेडिओवर त्याची मुलाखत होती. मी सोबत यायचे आणि सांगायचे की मी जोड देणारा आहे. ओळीला वजन यावे म्हणून गायकाबरोबर तोच शब्द म्हणणारा एक माणूस पुष्कळांकडे असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

“एवढं एकच कर,” तो म्हणाला. “पुन्हा काही मागणार नाही.”

मी होकार दिला. त्याचा गुडघा सारखा हलत होता.

रेडिओची खोली लहान होती. भिंतींवर राखाडी स्पंज, मधे टेबल, तीन माइक. मुलाखत घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्या इतक्या गोड हसून बोलत की माणसाने सावध व्हावे. फोनवर भोवरा होताच. ताईंनी तो तुकडा ऐकवला. आपलाच श्वास एवढा मोठा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनी मला विचारले आणि मी, ठरल्याप्रमाणे, खाली टेबलाकडे पाहत म्हणालो की मी फक्त जोड देतो.

खोटे बोलणे सोपे गेले. दादाने सोडलेला सुस्कारा माझ्या हाताला लागला.

भोवरा फोनवर हसला. “बरं काका, राहिलं. मग होऊन जाऊ दे ना. दोघं मिळून म्हणा, बिनचूक जोडीनं. मी सगळं मागे घेतो.”

ताईंनी लगेच ताल लावला. नाही म्हणायला जागाच उरली नाही.

मी मनाशी पक्के केले की आज पुढे जायचे नाही. दादा सुरू करेल, मी त्याच्यासोबत राहीन. मी त्याच्या ओठांकडे डोळे लावून बसलो. ताल फिरून समेवर आला; दादाने तोंड उघडले आणि थांबला. तो माझी वाट पाहत होता. सगळ्या गाण्यांत, सगळ्या वर्षांत, मंचावरसुद्धा कानातल्या यंत्रातून, ओळ माझ्याकडून आल्याशिवाय तो कधी निघालाच नव्हता. आणि मी त्याची वाट पाहत होतो. दुसरा फेराही रिकामा गेला. त्या पोकळ ठोक्यांत आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो, दारात ‘आधी तुम्ही’ म्हणत अडकलेल्या दोन पाहुण्यांसारखे. ताईंचे हसू पुसट होत गेले.

तिसरा फेरा रिकामा गेला असता तर दादाचे सगळेच गेले असते. म्हणून मी सुरुवात केली. त्याला वाचवण्यासाठी, निदान पहिली ओळ तरी. तो मागून येईल अशी माझी खात्री होती.

तो आला नाही. ‘बाप मी, आईही मीच’ हे शब्द त्या खोलीत माझ्या तोंडून आले तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे असे पाहिले, की जणू त्यांचा अर्थ त्याला त्याच क्षणी समजला होता. मला थांबता आले असते. माझा आवाज बारीक होता, दुसऱ्या ओळीत तो फाटला, सुई-दोऱ्यापाशी श्वास पुरला नाही. तरी मी चारही ओळी शेवटापर्यंत म्हणालो.

ताईंनी हळूच दादाला विचारले की मग हे शब्द नक्की कोणाचे.

दादा माइककडे झुकला आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागला. मी ओठ मिटून घेतले. या उत्तरासाठी माझ्याजवळ त्याला देण्यासारखे काही नव्हते. ताल अजून चालूच होता. कोणीतरी तो बंद केला.

“लिहितो हा,” दादा शेवटी म्हणाला. “मी ओरडतो. मला वाटायचं, ओरडतो त्याचंच असतं.”

जाहिराती लागल्या. ताई लगबगीने बाहेर गेल्या. काचेपलीकडे दादाचा फोन टेबलावर उजळत होता, विझत होता, आणि त्यावर कंपनीच्या माणसाचे नाव होते. दादा उठला नाही. त्याने मला विचारले, मी इतकी वर्षे हे बोललो का नाही. मी सांगायला तोंड उघडले, आणि तो खरोखरच ऐकायला थांबला आहे हे पाहून मला पहिला शब्द सापडेना.