मुख्यालय सोडण्याची परवानगी

अंदमान मी निवडलं, कारण तिथं आमचा एकही नातेवाईक राहत नाही.

हे ऐकून आमच्या ह्यांना वाईट वाटलं होतं, पण खरं ते खरं. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं आम्ही प्रवासाची सवलत घेतली, ती दर वेळी अर्जावर 'मूळ गाव: कोल्हापूर' असं लिहून. मूळ गाव म्हणजे दिराचं घर. मूळ गाव म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाचं तरी वर्षश्राद्ध, आणि पोचल्या पोचल्या पदर खोचून मी स्वयंपाकघरात. येत्या मे महिन्यात हे, म्हणजे श्यामसुंदर, निवृत्त होणार. म्हणजे सवलत ही शेवटचीच. या वेळी मी अर्ज ह्यांच्या पुढ्यातून ओढला आणि 'भारतात कुठेही' या रकान्यात माझ्या अक्षरात अंदमान लिहिलं.

मग तयारी. दूध बंद, पेपर बंद, फ्रिज धुऊन पुसून उघडा ठेवलेला, तुळस शेजारच्या यामिनीकडे पाणी घालायला दिलेली. चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या आमच्या सोसायटीत दहा दिवस आम्ही नाही, हे लिफ्टवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मीच सांगितलं होतं, कशाला खोटं बोलू?

निघायच्या दिवशी डिसेंबरचं ते धुकं. समोरची बिल्डिंग दिसेना. टॅक्सीवाल्यानं ऐन वेळी यायला नकार दिला, म्हणून आमचीच गाडी काढली आणि जीव मुठीत धरून विमानतळ गाठलं. तिथं चार तास बसलो. दिल्लीहून येणारं विमान आलंच नाही, त्यामुळं आमचं रद्द. पुढची जागा तीन तारखेला, तोवर कोलकात्याहून पुढची तिकिटं, हॉटेल, सगळंच गेलेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आणि घोषणा झाली त्याच वेळी काचेबाहेर ऊन पडलं होतं.

मी ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. एकतीस वर्षांचा संसार आहे, ते तोंड मला वाचता येतं. त्यावर दुःख नव्हतं, सुटका होती.

"चल," हे म्हणाले. "आज शनिवार. सोमवारी जॉइन होतो. तेवढी रजा वाचली."

रजा वाचली. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सरकारी माणसाची रजा तीनशे दिवसांपर्यंत साठते, त्यापुढं साठत नाही. ह्यांची तीनशे कधीच भरली होती. आता वाचवलेली रजा फुकटच जाणार होती, तरी हे वाचवत होते, कारण सवय. आमच्या मुलीच्या, पूर्वीच्या, पहिल्या वाढदिवसाची रजा त्या तीनशेत आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळची आहे. आणि माझे वडील गेले तेव्हाची आहे. तेव्हा आम्ही भोपाळला होतो. ऑफिसात तपासणी चालू होती, साहेब म्हणाले संपू द्या, हे म्हणाले एकटी लहान मुलीला घेऊन कशी जाशील. मी दहाव्याला पोचले. अप्पांचं तोंड मला बघायला मिळालं नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे आणि मी तो लपवत नाही.

"विमान रद्द झालंय," मी म्हणाले. "रजा नाही."

बॅगा ढकलत मी पार्किंगमध्ये आले आणि गाडीच्या चालकाच्या जागेवर बसले. चंदीगडला आल्यावर मी स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट केली होती, गाडी शिकले होते. झिरकपूरकडं वळायचं होतं तिथं मी उलट्या दिशेला, खरडकडं वळले. कुठं चाललीस, असं ह्यांनी विचारलं. मला कुठं ठाऊक होतं? पण दहा दिवस त्या कुलपाला किल्ली लावायची नाही, एवढं पक्कं होतं. मी म्हटलं, अंदमानलाच निघालोय, रस्त्यानं.

ह्यांच्या मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर होतं. ते ह्यांच्या मांडीवर असतंच. त्यात रजेचा आदेश आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी, प्रत्येकी तीन प्रती. ज्यांना सरकारी नोकरी माहीत नाही त्यांना सांगते, रजेवर असलं तरी नोकरीचं गाव सोडायला साहेबाची लेखी परवानगी लागते. खरड मागं पडलं तसं हे अस्वस्थ व्हायला लागले. परवानगी अंदमानची आहे, मोरिंड्याची नाही, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. मीही दोनदा ऐकलं आणि तिसरा गियर टाकला.

दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी रानं सुरू झाली होती. पॉप्लरची झाडं पानं गळून उभी होती. मध्येच कुठंतरी मोहरीचा पिवळा तुकडा यायचा. मला बरं वाटत होतं. तेवढ्यात ह्यांच्या मोबाइलवर साहेबांचा निरोप आला. ह्यांनी तो मोठ्यानं वाचला. विमानं रद्द झाल्याचं कळलं, मंत्रालयाला एक उत्तर तातडीनं पाठवायचं आहे, सोमवारी साडेनऊला भेटा, फोन करतो.

"उर्मिला, गाडी वळव."

"त्यांच्या ऑफिसात दुसरं कुणी नाही?"

"आहेत. पण मला फाइल माहीत आहे."

"मग मे महिन्यानंतर काय करणार आहेत ते?"

ह्यांनी फोन खिशात ठेवला. पण मला माहीत होतं, फोन वाजला की हे 'येस सर' म्हणणार, आणि एकदा तसं म्हटलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सोमवारी साडेनऊला हे तिथं हजर. मग मी दहा दिवस त्या रिकाम्या फ्रिजपुढं बसणार. माझ्या हातात फक्त तो फोन येईपर्यंतचा रस्ता होता.

काचेवर आतून वाफ धरत होती म्हणून मी खिडकी खाली घेतली, आणि तो वास आला.

पहिल्यांदा वाटलं, भास झाला. मग पुढं रस्त्याच्या कडेला धूर दिसला, उसाच्या चिपाडाचा ढीग दिसला. मी गाडी थांबवली की ती आपणहून थांबली, मला आठवत नाही. आमच्याकडं गुऱ्हाळ म्हणतात तेच, फक्त पंजाबातलं. पत्र्याचं छप्पर, जमिनीत खणलेली भट्टी, वर एकापुढं एक तीन कढया. मुझफ्फरनगरकडचा एक म्हातारा कारागीर रस ढवळत होता आणि त्याची बायको भट्टीत चिपाड सारत होती.

माझे वडील गुळवे होते. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभं राहून गूळ करणारे. लग्नात सासरच्यांनी सगळ्यांना 'शेती करतात' म्हणून सांगितलं, आणि ह्यांनाही तेवढंच माहीत. मुलींना काहिलीजवळ फिरकू देत नसत. पण माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, मग अप्पा मला ठेवणार कुठं? हंगामभर मी त्यांच्या पायाशी पोत्यावर बसायची. फेसाचा रंग बघायला मी अक्षरांच्या आधी शिकले.

मी कढईजवळ गेले. म्हाताऱ्यानं मान वर केली आणि विचारलं, गूळ हवाय का? मी म्हटलं, बघायचंय. फेस बसत आला होता, बुडबुडे जाड होऊन सावकाश फुटत होते. त्यानं पळी वर धरली, धार बघितली आणि भट्टी कमी करायला बायकोला खूण केली.

"अभी नहीं," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चांगली साडी, हातात पर्स, पायात नवे बूट. मी पर्स ह्यांच्याकडं दिली, शेजारच्या बादलीत बोटं बुडवली, पळीवरचा चिमूटभर पाक उचलला आणि पाण्यात सोडला. बोटं भाजली. अप्पांची बोटं कधीच भाजली नाहीत असं मला वाटायचं, आज कळलं की भाजत असणार. पाण्यातली गोळी मऊ होती. म्हाताऱ्यानं ती दाबून बघितली आणि पळी पुन्हा पाकात घातली. एवढंच. हाताला हात ओळखतो.

दोन मिनिटांनी मी पुन्हा गोळी केली. बादलीच्या कडेवर मारली, टक्क वाजली.

"अब," मी आणि म्हातारा एकदमच म्हणालो.

आता वेळ नव्हता. पाक एकदा आला की थांबत नाही, तिथंच ठेवला तर करपतो. म्हाताऱ्याचा जोडीदार ऊस आणायला गेला होता. त्यानं लांब दांड्याचा एक कडछा मला दिला आणि दुसरा ह्यांच्यापुढं धरला, "साहबजी, पकड़ो." त्याच क्षणी ह्यांच्या खिशात फोन वाजला.

हे एका हातात माझी पर्स आणि बगलेत फोल्डर घेऊन उभे होते. फोन बाहेर काढला. साहेब. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कडछा पाकात बुडवला, लाकडी परातीत ओतला, पुन्हा बुडवला. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते धुराचं नव्हतं. मनात म्हटलं, जायचं असेल तर जा, बसनं जा, मी इथून हलणार नाही.

फोन वाजत राहिला. मग वाजायचा थांबला. आणि माझ्या शेजारी दुसरा कडछा पाकात पडला.

ह्यांना ते नीट जमत नव्हतं, अर्धा पाक परातीबाहेर सांडत होता आणि म्हातारा ओरडत होता. पर्स चिपाडावर, फोल्डर पर्सवर. कढई रिकामी झाली तेव्हा ह्यांच्या कोपरापर्यंत गूळ होता आणि चष्म्यावर वाफ. फोन पुन्हा वाजला. ह्यांनी स्वेटरला बोटं पुसली आणि या वेळी घेतला. साहेबांचा आवाज मोठा आहे, मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. सोमवार, साडेनऊ, फाइल.

"सर, मैं छुट्टी पर हूँ," हे म्हणाले.

पलीकडून विचारणा झाली की विमान तर रद्द झालंय ना.

"जी सर. फ्लाइट कैंसल हुई है. छुट्टी नहीं."

पलीकडून काहीतरी तुटक बोलणं झालं आणि फोन बंद झाला. साठीला आलेला माणूस, हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

"हे मी अप्पांच्या वेळी म्हणायला हवं होतं," हे हळूच म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

जाऊ दे, झालं ते झालं, असं मी म्हटलं नाही. ते जाऊ देण्यासारखं नव्हतं, आणि ह्यांनाही ते कळलं. ह्यांनी नुसती मान हलवली.

म्हाताऱ्यानं परातीतला अजून गरम असलेला गूळ खरवडला, त्याचा मुठीएवढा गोळा केला आणि माझ्यापुढं धरला. पैसे घेईना. बांधून द्यायला कागद शोधू लागला, तर सगळे कागद भट्टीत गेलेले. हे वाकले, चिपाडावरचं फोल्डर उचललं आणि त्यातून मुख्यालय सोडण्याच्या परवानगीची एक प्रत काढून त्याला दिली. गुळाचा डाग साहेबांच्या सहीपर्यंत पसरला.

मी गाडी चालू केली. रोपडची पाटी पुढं दिसत होती. कागदाचं काय, असं मी विचारलं.

"अजून दोन प्रती आहेत," हे म्हणाले आणि गुळाचा तुकडा मोडून आधी मला दिला.