सळीचं दुसरं टोक

साडेसहाला गल्लीतले दिवे लागले आणि रेडिओत पुन्हा ती मेली खरखर सुरू झाली. आठ दिवस हेच! रोज सातला दादाच्या बोटीवरून वायरलेसवर बोलणं व्हायचं, आणि आजचं शेवटचं. उद्या बोट बर्फाच्या समुद्रात शिरली की चार महिने ना आवाज, ना खुशाली. वहिनी तर दुपारपासूनच ठेवणीतली साडी नेसून बसली होती, जणू नवऱ्याला ती रेडिओतून दिसणार होती.

नणंदबाई वायरलेसच्या कामात तरबेज. दिव्यांच्या वायरमनला त्यांनी घरून अक्षरशः ओढून आणलं. छोटा ट्रान्झिस्टर आडवा धरून त्या फाटकापुढे गोल फिरल्या. आतली अँटेनाची सळी खरखरीच्या उगमाच्या रोखाने आली की खरखर एकदम पडते. पडली! सळीचं टोक सरळ समोरच्या खांबावर.

"बघा! हाच चोर!"

"बाई, तीनदा दिवा बदलला त्याचा," वायरमन वैतागला. "थांबा, रस्त्याची लाइनच बंद करतो."

खटका ओढला. सगळे खांब विझले. आणि खरखर? जशीच्या तशी!

"आता बोला!" वायरमन म्हणाला.

सातला नऊ मिनिटं कमी. नणंदबाईंनी ट्रान्झिस्टर पुन्हा फिरवला. पुन्हा तोच खांब. आणि एकदम त्या ओरडल्या, "अगं बाई! सळीला टोकं दोन असतात!"

आठ दिवस त्या पुढचंच टोक बघत होत्या. मागचं टोक होतं स्वतःच्याच फाटकाकडे. तिथे एक दिवा ऐटीत जळत होता, अंधारलं की आपोआप लागणारा.

"वहिनी, हा कधी बसवलात?"

"झाले आठ दिवस," वहिनी ओशाळली. "मागच्या खेपेला हे फाटकात आपटले होते ना, वन्सं. म्हटलं, येतील तेव्हा उजेड असावा."

वायरमन पोट धरून हसला. वहिनीने स्टूल आणलं, पदराने धरून बल्ब काढला. खरखर गप्प! दोघी धावतच वर वायरलेसकडे गेल्या.

सातला दादाचा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. "ऐकतेस ना? मी येईन तेव्हा फाटकाशी एक दिवा लावून ठेव हं. पुन्हा आपटायचं नाही मला. ओव्हर."

नणंदबाईंनी तोंडावर हात दाबला. वहिनीच्या पदरातला बल्ब अजून गरम होता.

"लावते," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली.