आतून तिसरा ठिपका

उत्तराने मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवला आणि तिरक्या नजरेने पाहिलं. दुहेरी काचेत प्रकाशाचे चार ठिपके उमटले. तीन पांढरे, एक तांबूस. तांबूस ठिपका आतून तिसरा दिसायला हवा होता. तो दुसरा होता.

ती पुढच्या खिडकीशी गेली. तिथेही दुसरा. अकराही खिडक्या तिने पाहिल्या. सगळीकडे दुसराच.

माजिवड्याच्या या नव्या हॉस्पिटलचा चौथा मजला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी होता. उद्या सकाळी दहाला बाळं जुन्या इमारतीतून इथे यायची होती. एप्रिलमधले दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन थेट पश्चिमेच्या खिडक्यांवर होतं. उत्तराने काचेवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"म्याडम, काय झालं?" राघो भोईर दारातून आत आला. बाळकुमचा राघो काचा बसवणाऱ्यांचा मुकादम होता.

"काचा उलट्या बसल्यात, राघो."

"नाय ओ. 'बाहेरची बाजू' लिवलेला स्टिकर बघून एकेक बसवलीय."

"माहितेय मला."

स्टिकरवर तिचीच सही होती. कारखान्यात काचा तपासण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. दोन काचांमधल्या पोकळीत, बाहेरच्या काचेच्या पाठीवर, डोळ्यांना न दिसणारा एक लेप असतो. तो ऊन बाहेरच परतवतो. काच उलटी बसली की लेप आतल्या काचेवर येतो, मग तीच काच तापते आणि खोलीला भाजत राहते. थंड प्रदेशातल्या इमारतींना तसंच हवं असतं. या काचा कारखान्यातून निघाल्या त्याच आठवड्यात सिमल्याच्या एका हॉटेलचाही माल निघाला होता, आणि त्याचे स्टिकर या अकरा काचांवर लागले होते. उत्तराने टॉर्च न लावताच सह्या केल्या होत्या. शौनक, तिचा मुलगा, त्या संध्याकाळी कॅनडाला चालला होता आणि तिला चारच्या आत नौपाड्याला घरी पोचायचं होतं.

"मना वाटलेलं तवा," राघो हळूच म्हणाला. "रंग जरा येगला दिसला. पन तुमची सही बघितली, मंग काय बोललो नाय."

उत्तराला त्याच्याकडे पाहता आलं नाही.

तिने कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला, हर्षितला, खालून बोलावून घेतलं. त्याने येऊन ऐकलं आणि आधी दार लोटून घेतलं.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. डोळ्यांना कोणाला दिसणारे? एसी दोन पॉइंट खाली करायला सांगू."

"एसीने हवा गार होते. काच गार नाही होत."

"मग फिटिंगवाल्यांनी उलट्या बसवल्या असं देऊ लिहून. यांची टीम बदलू, नवीन टीम येऊन फिरवेल. तुमची आठ महिन्यांत रिटायरमेंट आहे मॅडम, जरा विचार करा."

राघो तिथेच उभा होता. त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती. हर्षित त्याच्याकडे न बघता बोलत होता.

"डॉक्टरांना बोलवा," उत्तरा म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. ऊन आहे तोवर त्यांना हात लावून बघू दे."

डॉक्टर देवयानी बालविभागाच्या प्रमुख होत्या. हलवाहलवीच्या गडबडीतून त्या वर आल्या त्या घाईतच. उत्तराने त्यांना काचेला हात लावायला सांगितलं. त्यांनी लावला, मग दोन पावलं मागे येऊन जमिनीवरच्या खुणांकडे पाहिलं. बाळांच्या पेट्या त्या खुणांवर ठेवायच्या होत्या. शेवटची रांग खिडकीपासून हातभर अंतरावर होती.

"खोली गार असली तरी पेटी तापणार," त्या म्हणाल्या. "एका पेटीत नऊशे ग्रॅमचं बाळ आहे. कोणी केलं हे?"

"फिटिंगच्या वेळी—" हर्षितने सुरुवात केली.

"मी," उत्तरा म्हणाली. "काचा न तपासता मी सह्या केल्या. यांनी माझ्या स्टिकरप्रमाणे बसवल्या. यांचं काम बरोबर आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"उद्याची हलवाहलव थांबवते. किती दिवस लागतील?"

उत्तराने राघोकडे पाहिलं.

"दोन दिस," तो म्हणाला. "वारा नसंल तं."

वारा होता. खाडीवरून दुपारनंतर सुटायचा आणि ऐंशी किलोची काच माणसांच्या हातात शिडासारखी ओढ घ्यायची. काचेला चिकटणाऱ्या रबरी चकत्यांनी धरलेली सातवी काच चौकटीतून सुटताना एका बाजूने घसरली. राघोने खांदा खाली घातला. तळमजल्यावरून लोक वर पाहत होते. उत्तरा आत उभी होती, हात पुढे करून, काही उपयोग नसताना. काच थांबली. राघोच्या खांद्याचं कातडं सोललं होतं, पण त्याने ती फिरवून बसवल्यावरच शर्ट बघितला. उत्तराने टॉर्च लावला. तिसरा.

अकरावी काच बसली तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पाच वाजले होते. खाली उतरताना राघो म्हणाला, "माज्या बापाच्या मिठागरावर पन मीठ खराब झालं की बाप बोलायचा, वारा आला, पाऊस आला. मी केलं, असं कवा बोलला नाय." मग जरा थांबून, "तुमी जावा घरी."

महिन्याभरात कंपनीने तिचा राजीनामा घेतला. पत्र सभ्य भाषेत होतं. राघोचं काम टिकलं.

मे महिन्यात एका दुपारी उत्तरा त्या मजल्यावर गेली. चपला बाहेर काढल्या आणि दाराच्या काचेतून आत पाहत उभी राहिली. ऊन पश्चिमेच्या खिडक्यांवर आलं होतं. पडदे उघडे होते. शेवटच्या रांगेतल्या पेटीत एक बाळ मुठी वर करून झोपलं होतं.

बाजूला एक नवीन नर्स येऊन उभी राहिली. "तुमचं कुठलं बाळ?"

"माझं नाही इथे कोणी."

"मग भेटायची वेळ संपली, मावशी."

"हो, निघते," उत्तरा म्हणाली. तिने वाकून चपलांचे पट्टे लावले आणि जिन्याने खाली गेली.