ट्रंकेतलं बेट

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. उमरठच्या वरच्या एका वाडीत, पत्र्याच्या ट्रंकेत राहतो. माझ्या अंगावर मात्र ही वाडी नाही. आहे ते अंदमानाकडचं एक खडकाळ बेट, भोवती निळा समुद्र आणि डोंगरांच्या तपकिरी समोच्च रेषा.

माझा जन्म सत्तावन्न सालचा. मोजणीच्या तुकडीत या वाडीचा हैबती होता. साहेब खालून दुर्बिणीतून बघायचे आणि हैबती शिखरावर निशाण धरून उभा राहायचा. छापताना माझे रंग जरा सरकले, म्हणून साहेबांनी मला त्याला देऊन टाकलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण ३१२ या उंचीच्या आकड्यावर तो बरोब्बर बोट ठेवायचा. "इथं उभा होतो मी," म्हणायचा. त्या बोटाचा डाग अजून आहे.

हैबती गेला. माझा एकुलता वाचक गेला, मान मात्र वाढला. भिकू आणि चांगू या त्याच्या मुलांचं झऱ्याच्या हद्दीवरून वाजलं. दोघांनी मला अंगणात पसरलं. सरकारी शिक्का, त्यात बापाची वस्तू, मग मी खोटा कसा असेन? एका निळ्या रेघेवर बोट ठेवून भिकूने झरा आपला ठरवला. चांगूने मला उलटं फिरवलं, तर झरा त्याचा झाला. ती रेघ खाडीची होती, पण मला विचारतो कोण? भिकू थोरला, म्हणून झरा त्याच्याकडे राहिला. चांगूची बायको रंगूबाई खालच्या विहिरीवरून हंडे वाहू लागली. बारा वर्षं भाऊ एकमेकांशी धड बोलले नाहीत. तेवढ्या काळात मला अकरा वेळा बाहेर काढलं, अकराही वेळा भांडणासाठी. वाचलं एकदाही नाही.

यंदा भिकूच्या घरी सून आली. सारिका, महाडला भूगोल शिकलेली. ट्रंक आवरताना तिचं बोट माझ्यावरून सावकाश फिरलं.

"मामंजी, यात आपला झरा नाहीच. हा समुद्र आहे."

भिकूने आधी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "चांगूला नको सांगू."

सारिकाने वाद घातला नाही. हैबतीची गोष्ट तिनं ऐकली होती. डागावर बोट ठेवून ती एवढंच म्हणाली, "हा डोंगर तेवढा खरा आहे."

तिसऱ्या दिवशी भिकूने मला काखोटीला मारलं आणि चांगूचं दार गाठलं. आता काय नवीन निघालं नकाशात, असं चांगूने खवचटपणे विचारलं.

"आपला झरा नाय त्यात," भिकू म्हणाला. "बा हाय."

दोन म्हातारी बोटं ३१२ वर टेकली. आतून रंगूबाई म्हणाली, "म्हंजे बारा वर्सं मी समुद्रापायी हंडे वाहिले."

दुसऱ्या दिवशी तिचा हंडा झऱ्यावर होता. भांडण मिटलं आणि माझं कामही संपलं. तेव्हापासून मी ट्रंकेत आहे. कुणी उघडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल. भांडण नसतानाही तो कधीतरी उघडा, वाचा. माझी शाई घड्यांवर उडत चालली आहे, आणि त्यातली एक घडी नेमकी ३१२ वरून जाते.