उघडे राहिलेले हात

टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात रोज आशीर्वाद देणाऱ्या सालकिन एजेने, सगळ्यांच्या थोरल्या ताईने, एकदा एवढंच म्हटलं होतं, "मी मेले की माझ्या नावानं घोडा कापू नका. चहा प्या आणि आपापल्या घरी जा."

बिश्केकभर गहजब झाला. ज्यांनी शेजाऱ्याच्या मयतीला कधी खांदा दिला नाही, तेही मयताच्या जेवणाला घोडा कापायच्या परंपरेचे राखणदार झाले. वाहिनीने माफी मागायला सांगितली. एजे म्हणाली, मत माझं आहे आणि मरणही माझंच, माफी कसली? मग तिला काढलं. वाहिनीचं नाव घेऊन कुठे तोंड उघडणार नाही, अशा कागदावर सहीही घेतली. तो कागद घेऊन तिच्या घरी गेला होता कुबात. एकेकाळी हातापाया पडून त्याला संकलकाची नोकरी मिळवून दिली होती ती याच एजेने. सही करून तिने त्याला चहा विचारला. तो थांबला नाही.

नवरोजचा कार्यक्रम आधीच चित्रित झालेला होता. वाहिनीच्या साहेबांनी फर्मावलं, बाई कुठेही दिसता कामा नये, मूळ चित्रण पुसून टाक. कुबातने मान डोलावली आणि कामाला बसला. एजे जिथे जिथे होती तिथे त्याने नाचणाऱ्या मुली घातल्या, गव्हाच्या खिरीची कढई घातली. अडलं ते शेवटी. एजे आशीर्वाद देत होती आणि तीनशे माणसं ओंजळी उघडून बसली होती. ते दृश्य इतकं देखणं होतं की त्याला कापवेना. एजेला आणि तिचा आवाज काढून त्याने ते ठेवलं. शेवटचं "ओमिन", म्हणजे तथास्तु, एजेच्याच तोंडी होतं, तेही कापलं आणि पुढे जाहिरात लावली.

थोरांनी ओमिन म्हटल्याशिवाय उघडलेले हात तोंडावरून फिरवायचे नसतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण संगणकापुढे बसलेल्या कुबातला ते सुचलं नाही.

नवरोजच्या दिवशी अकरा वाजता तो आईशेजारी बसून बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, खात होता. आई रोज टीव्हीतूनच एजेचा आशीर्वाद घ्यायची. पडद्यावर हात उघडले तसे तिनेही उघडले. जाहिरात लागली, संपली, दुसरी लागली.

"आपा, चहा निवतोय," तो आईला म्हणाला.

"थांब रे. सालकिनचं संपू दे."

"ती नाहीच आहे कार्यक्रमात."

"मग हे बोलतंय कोण?" आई शांतपणे म्हणाली. कुबातला जाहिरातीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने तिचे हात खाली करू पाहिले, ते हलेनात. अंगणात खेळणाऱ्या पोरांचा आवाज बंद पडला होता म्हणून त्याने खिडकीतून डोकावलं. समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी बसलेलं होतं, ओंजळ उघडून, मान किंचित कलती करून ऐकत.

फोन वाजला. साहेबांचा होता, पण तो त्यांच्या कानाशी धरला होता ड्रायव्हरने. साहेबांच्या घरची मंडळी ओंजळी उघडून अडकून बसली होती, आणि साहेबही. "ते ओमिन लाव लगेच," साहेब कुजबुजले. कुबातने सांगितलं की तुमच्याच हुकमावरून पुसलंय. तिकडे ड्रायव्हरने फोन बंद केला.

आता एकच वाट उरली होती. त्याने एजेला फोन लावला.

"बोल, बाळा," ती म्हणाली, जणू वाटच बघत होती.

"एजे, ओमिन म्हणा. माझी आई..."

"मला बोलायला बंदी आहे ना? आणि ते कापलं कुणी, आईला सांगितलंस?"

आई त्याच्याकडे बघत होती. "आपा, मी कापलं," तो म्हणाला. "सहीचा कागदही मीच नेला होता." आईने मान वळवली. त्याला फार लाज वाटली.

"लोकांचं काही चुकलं नाही," फोनमधून एजे म्हणाली. कुबातने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला आणि सवयीने त्याचेही हात उघडले गेले. "ओमिन," एजे म्हणाली.

आईने चेहऱ्यावरून हात फिरवले. समोरच्या साऱ्या खिडक्यांत हात खाली आले. अंगणात पोरं पुन्हा ओरडू लागली.

कुबातचे हात मात्र तसेच राहिले. त्याने जोर लावला, दात-ओठ खाल्ले, काही झालं नाही. फोन केव्हाच बंद झाला होता.

आईने निवलेला चहा संपवला, पेला उपडा ठेवला आणि ओढणी बांधली.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या दिवशी तिचा चहा न घेता आलास ना? चल तिच्या दारात. असेच हात घेऊन."