सहाव्या डावातला फोन

शब्द मोडणे हा दोष खराच. परंतु तो मोडल्याची वार्ता दुसऱ्याच्या मुखाने पोचवू पाहणे ही त्याहून मोठी लाज होय. ओहायोतील एका बेसबॉल संघाचे कारभारी हार्लन प्रुइट यांना हे जुलैअखेर उमगले.

हिवाळ्यात ओटिस क्रेनला मॅनेजर, म्हणजे मैदानावरचा मुख्य प्रशिक्षक, नेमताना त्यांनी वचन दिले होते, की फलंदाजामागे चेंडू झेलणारा कॅचर एफ्रेन संघातच राहील. जुलैअखेर संघासंघांतील खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली, तेव्हा दोन तरुण खेळाडूंच्या बदल्यात त्यांनी त्यालाच दुसऱ्या संघाला दिले आणि चालू सामन्याच्या सहाव्या डावात वरच्या दालनातून खाली मैदानाकाठी ओटिसला फोन लावला.

"ओटिस, एफ्रेनला बाहेर घे. सांग त्याला."

"शब्द तुमचा आणि वाईटपणा माझ्या माथी? जमणार नाही, साहेब. खाली या."

हार्लन खाली गेले. ओटिसने एफ्रेनला खेळातून बाहेर घेतले होते; तेवढ्यावरूनच ओळखून सहकारी त्याला मिठ्या मारत होते. हार्लनना पाहताच सारे बाजूला सरले.

"कुठं जायचं, साहेब?" एफ्रेनने विचारले.

"सिअॅटल."

"बरं झालं. पोरीला समुद्र आवडतो," म्हणत एफ्रेनने हात पुढे केला. तो हाती घेताना हार्लनना मान वर करवेना.

जाणाऱ्याला ते नवे गाव मायेचे लाभो, ओटिसचा करारीपणा टिको, आणि खाली गेलेली ती मान पुढच्या शब्दाला जागून वर येवो.